भरलेल्या नळ्या

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. बागेतल्या माश्या-किड्यांसाठी दुकानातून आणलेलं लाकडी घर, उतरत्या छपराचं, आत बांबूच्या नळ्या रचलेल्या. तुमची आई माझ्याशी फोनवर बोलताना तुम्हाला म्हणाली, "हे स्वच्छ कसं करायचं ते आजीला विचारा, आजीला सगळं स्वच्छ लागतं." म्हणून लिहिते आहे. असं एक घर मी केलेलं आहे. तुमची आई तेव्हा तीन वर्षांची होती आणि शहराचं नाव औरंगाबाद होतं.

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. शाळा चिकलठाण्याच्या बाजूला, नव्या कारखान्यांच्या अलीकडे. पटांगणाच्या मागे तुरीचं शेत होतं. ते एका कंपनीनं घेतलं, सपाट केलं आणि त्यावर शेड उभी केली. त्यानंतर शाळेच्या बागेतल्या घेवड्याला फुलं यायची आणि गळून जायची. शेंग धरायची नाही. मी खत बदललं, पाण्याच्या वेळा बदलल्या, वहीत नोंदी केल्या.

शास्त्र शिकवणारी बाई माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान होती, पैठणकडच्या एका खेड्यातून आलेली, त्यांच्या घरातली पहिली पदवीधर. ती एक दिवस बागेत आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, खताचं काय नाय. माश्या गेल्या तुमच्या, तुरीबरोबर."

"मधमाश्या?"

"पोळंवाल्या नाय. एकेकट्या राहतात त्या. पानं कापतात. आमच्या छपरातल्या बोरूंमध्ये लई असतात. आण्णा छप्पर शाकारताना जुने बोरू टाकून देत नाहीत. म्हणतात, ह्या राहिल्या तर तूर राहील."

आण्णा म्हणजे तिचे वडील. बोरू म्हणजे जाड गवताची आतून पोकळ काडी, जिची आमच्या लहानपणी लेखणी करायचे. माझ्याकडे बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात अशा माश्यांसाठी नळ्यांची पेटी करण्याची आकृती होती. ते मी तिला वाचून दाखवलं. ती हसली. आण्णांचं छप्पर पुस्तकात आलं म्हणाली.

पेटी आम्ही जूनमध्ये केली. तुमच्या आजोबांच्या कारखान्यात परदेशी यंत्र आलं होतं, त्याच्या खोक्याच्या फळ्या त्यांनी आणून दिल्या. बोरू तिनं गावाकडून आणले. एक वीत लांबीचे तुकडे, प्रत्येकाचं एक टोक गाठीनं बंद, दुसरं उघडं. तोंडाला कूस राहिली तर माशीचे पंख फाटतात, म्हणून मी प्रत्येक तोंड काचकागदानं घासलं. तोंडं पूर्वेला, वर पत्र्याचा तुकडा. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटी स्टुलावर ठेवली आणि दुभत्याच्या कपाटाच्या पायांखाली ठेवतो तशा स्टुलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. फळीवर इंग्रजीत 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं आणि ते नेमकं उलटं आलं. मला ते खटकत राहिलं.

शाळेचे शिपाई, त्यांना सगळे चाचा म्हणत, येऊन पाहून गेले. "बाई, ये तो स्टेशन का लॉज हुआ. बोर्ड उल्टा लगाया, मेहमान भी उल्टे सोएंगे क्या?"

"भाडं नाही घेत आम्ही, चाचा," ती म्हणाली.

"तो फिर मेरा भी एक कमरा रखना."

जुलैच्या शेवटी विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि गावोगावी दलितांची घरं जळायला लागली. शाळा काही दिवस बंद राहिली. उघडली तेव्हा ती आली नव्हती. पंधरा दिवसांनी आली. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "आमचं घर जाळलं. आण्णांना इथं आणलंय, माझ्या खोलीवर."

मी म्हणाले, "रजेचा अर्ज दिलास का?"

हे मी शब्दशः लिहिते आहे. दुसरं काही म्हणाले नाही. मला काही वाटतही नव्हतं. सगळं काचेपलीकडे चाललेलं होतं. तास घेत होते, वह्या तपासत होते, घरी येऊन तुमच्या आईला भरवत होते. तिनं मान हलवली आणि अर्जाचा कागद मागितला. मी दिला. कसा लिहायचा तेही सांगितलं.

त्यानंतर आम्ही बागेपुरत्या बोलायचो. गणपतीच्या सुमारास माझ्या गुलाबाच्या पानांना कडेनं गोल भोकं पडायला लागली, कंडक्टरनं तिकीट पंच करावं तशी. ती म्हणाली, "आल्या." एक करडी माशी पानाचा तुकडा पोटाशी धरून नळीत शिरताना तिनं मला दाखवली. एकेक तोंड हिरव्या पानानं बंद होत गेलं. ती रोज मोजायची. दसऱ्यापर्यंत चाळीसेक नळ्या भरल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती म्हणाली, "बाई, आण्णा बोलत नाहीत. जेवतात, बसून राहतात. परवा एवढंच म्हणाले, छपराबरोबर माश्या गेल्या. सुट्टीत शेतावर पत्रे टाकून घेते. आल्यावर ही पेटी नेऊ का? तूर फुलावर आहे. हे दिसलं तर ते तिथं जाऊन राहतील असं वाटतं मला. नाय तर खोलीतच बसतील."

"ने की," मी म्हणाले.

शाळेला रंग लावायचा होता म्हणून पेटी मी घरी आणली. घरात दिवाळीची आवराआवर चालू होती. डबे उन्हात होते, माळे झाडून झाले होते. पेटी ओट्यावर ठेवली तेव्हा ती मला फार कळकट दिसली. तोंडं तपकिरी पडलेली, वाळक्या पानांचे बोळे, कोळ्याचं जाळं. आपल्याकडे कुणाचं भांडं परत करताना घासून देतात, दुसऱ्याच्या घरी वस्तू पाठवताना पुसून पाठवतात. त्यातून ही ज्यांचं घर जळलं त्यांच्याकडे जायची होती. मी तिच्यासाठी काहीही केलेलं नव्हतं. निदान हे नीट करून द्यावं असं ठरवलं.

विणकामाची सुई घेतली आणि एकेक नळी कोरून काढली. आतून पानांच्या विडीसारख्या गुंडाळ्या निघाल्या, त्यात पिवळं, चिकट काही, आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या अळ्या. कीड लागली असं मला वाटलं. वेळेवर पाहिलं म्हणून बरं, असंही वाटलं. नळ्या कढत पाण्यातून काढल्या, गच्चीवर वाळवल्या, पुन्हा रचल्या. दोन दिवस लागले. तुमचे आजोबा म्हणाले, "वा, नवी दिसते." पुस्तकात पेटी करण्याच्या पानावर माझी खूण होती. तिची काळजी कशी घ्यायची ते पुढच्या प्रकरणात होतं. ते मी नंतर वाचलं.

सुट्टी संपल्यावर ती पेटी न्यायला आली. रिक्षा दारात उभी होती. आत आण्णा बसलेले, डोक्याला फेटा, मांडीवर पिशवी. मी पेटी बाहेर आणली. ती बघत राहिली. एका नळीत बोट घातलं, दुसरीत घातलं.

"बाई, ह्यातलं काढलं कुणी?"

"मी. कीड झाली होती गं. कढत पाण्यातून काढलंय सगळं."

तिनं बोट बाहेर काढलं. मग म्हणाली, "ती पिल्लं होती." आवाज चढला नव्हता. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर दुरुस्त करावं तसं म्हणाली.

माफ कर हा शब्द मला माहीत होता, तिन्ही भाषांत. मी म्हणाले, "चहा घेता का?"

आण्णांनी रिक्षातून हात पुढं केला. पेटी मांडीवर घेतली, एक नळी डोळ्याला लावून आरपार दिसतं का ते पाहिलं. गाठीमुळं दिसत नाही. लेकीला म्हणाले, "रिकामी हाय." आणि मला म्हणाले, "राहू द्या बाई. धुतल्यात चांगल्या." रिक्षा गेली.

ते शेतावर राहिले की नाही, मला माहीत नाही. वर्ष संपताना तिनं गावाजवळच्या शाळेत बदली घेतली. मी पत्त्याचं पाकीट करून ठेवलं होतं, आत घालायला पत्र लिहिलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाचं नाव बदललं, तेव्हा रस्त्यावर गुलाल होता, फटाके होते. मी रिक्षानं घरी येत होते. गर्दीत बायकांचे चेहरे पाहत होते.

तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ते घर झाडू नका. बंद तोंडाची नळी कोरू नका, धुऊ नका, कितीही कळकट दिसली तरी. तोंडाला भोक पडून आतलं उडून गेलं की मगच ती जुनी नळी काढा आणि नवी घाला. पाऊस आत येऊ देऊ नका. मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवा.

पुढच्याच जूनमध्ये मी नवी पेटी केली. अजून आहे, गच्चीवर. दिवाळीत सगळं घर झाडते, तो कोपरा सोडून. भरलेल्या नळ्यांतल्या दहा-बारा काढून सुतळीनं जुडी बांधते आणि दाराजवळच्या खिडकीत ठेवते, कुणी न्यायला आलं तर हाताशी असावी म्हणून. थंडी संपेपर्यंत तिथं असते. मग एकेक तोंड उघडतं, माश्या खिडकीतून निघून जातात, आणि मी सुतळी सोडून घडी करून ठेवते.