दाजींचा बसवरचा बहिष्कार

जगात कुठंही कुणावर अन्याय झाला, की त्याचा पहिला त्रास टेंभुर्णीत आमच्या दाजींना व्हायचा. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, शाळेत गुरुजी. वर्तमानपत्र दोन दिवस शिळं यायचं, पण दाजींचा संताप अगदी ताजा. उसाच्या फडातल्या मजुरांना मजुरी कमी देतात, हे वाचून त्यांनी वर्षभर बिनसाखरेचा चहा घेतला. "गरिबी नशिबानं येत नाही, ती व्यवस्था आहे!" हे वाक्य ते दाढी करतानाही ठणकावत आणि हटकून हनुवटी कापून घेत. "उद्या भाकरीवर अन्याय झाला न्हाई म्हंजे मिळवली," अक्का म्हणायची.

एकदा त्यांनी वाचलं, अमेरिकेत काळ्या लोकांना बसमध्ये मागं बसवतात. झालं! दाजींनी बसच सोडली. तालुक्याला, जाफराबादला, भर उन्हात पायी. डायवर गाडी थांबवून विनवायचा, "गुरुजी, बसा की! ही गाडी अमेरिकेची न्हाई." दाजी छत्री उगारायचे, "तत्त्वाचा प्रश्न आहे!"

अशाच एका फेरीत वाटेवर दगडूबा भेटला. गावकुसाबाहेर राहायचा, गावातल्या हॉटेलमालकाच्या शेतावर सालगडी होता. दाजींनी त्याला अख्खी अमेरिका समजावून सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, तिकडली बस ऱ्हाऊ द्या. तुम्ही रोज जिथं च्या पिऊन राह्यले, तिथं माझी कपबशी बाहेर वळचणीला असती."

"मंग आत ये की! कायदा आहे."

"येतो. पण मालकानं कामावरून काढलं, तर लेकरं काय खातील? हॉटेल त्याचं, रानबी त्याचंच."

दाजी घरी आले ते गप्प. दाजी गप्प म्हणजे नक्की ताप, म्हणून अक्कानं कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपलं पाच एकर रान दगडूबाला बटईनं दिलं, निम्मं पीक त्याचं. भाऊबंद खवळले, पण अक्का म्हणाली, "बराबर केलं. तुम्हाला तरी कुठं नांगर धरता येतो?"

दगडूबानं सालदारकी सोडली. ज्वारी घरात आली तशी एका सकाळी तो हॉटेलात शिरला आणि दाजींशेजारी बाकावर बसला. आता दाजी भाषण ठोकणार म्हणून समोरच्या बाकावर मी धसकलो, पण ते नुसते थोडं सरकून बसले. दगडूबाच म्हणाला, "दोन च्या." मालकानं दोघांकडं पाहिलं आणि मुकाट्यानं कप पुढं सरकवले. दगडूबानं कप उचलला, तसा चहा बशीत सांडायला लागला. दाजींनी हळूच त्याच्या मनगटाला आधार दिला.

मला तेव्हा दाजींचे पाय धरावेसे वाटले. पण मी पडलो मेव्हणा, काहीतरी थट्टा करून मोकळा झालो. आता दाजी नाहीत, आणि ते राहूनच गेलं.