सगळ्यांचा श्वास अठरा

मी कर्जतच्या एका दवाखान्यात नर्स आहे आणि गेली वीसेक वर्षं दर गुरुवारी दत्तगुरूंचा उपास करते. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ज्या गुरुवारची ही हकिगत आहे, त्या दिवशी मी धड नर्सही नव्हते आणि धड भक्तही नव्हते. पोटात कावळे ओरडत होते, दोघी जणी रजेवर होत्या आणि पुरुषांच्या वॉर्डात चार नंबरच्या खाटेवर घोडेवाले बाबा होते.

बाबा माथेरानला घोडा फिरवायचे. त्यांच्याच घोड्याने पायावर पाय दिला, जखम चिघळली म्हणून दाखल झालेले. तोंड मात्र ठणठणीत. घोड्याला शिव्या, सलाईनला शिव्या, मला तर जाता-येता. शेजारच्या खाटेवर कशेळ्याचे एक गृहस्थ होते, त्यांची बहीण रोज डबा घेऊन यायची. आम्ही सगळ्या त्या बहिणीला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. डबा उघडला रे उघडला की बाबा गरजायचे, "आमाला पेज नि तुमाला बोंबील! काय न्याय हाय का नाय?" खालाही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. दोघांच्या भांडणाने माझं डोकं उठायचं. त्या गुरुवारी सकाळी देव्हाऱ्यासमोर हात जोडून मी अगदी मनापासून म्हटलं, "महाराज, एवढं एक करा. त्या बाबांचं तोंड बंद करा."

त्याच आठवड्यात आमचं प्रशिक्षण झालं होतं. पेशंट बिघडायला लागला की ते वेळेत कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं, याचं. शिकवायला आलेल्या मॅडमनी आमचे तक्ते चाळले आणि विचारलं, "तुमच्याकडे सगळेच मिनिटाला अठरा श्वास घेतात? भजनी मंडळ आहे का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून चिडले, कारण ते खरं होतं. ताप, नाडी, बीपी आम्ही नीट मोजतो. श्वास मोजायचा तर खाटेपाशी पूर्ण मिनिटभर थांबावं लागतं, आणि ते मिनिट आणायचं कुठून? म्हणून माणूस बरा दिसला की लिहायचं अठरा. मॅडमनी सांगितलं होतं, बीपी पुष्कळदा उशिरा पडतं, श्वास आधी वाढतो. आणि पेशंटच्या आसपासचं कुणी म्हणालं की हे आज नेहमीसारखे नाहीत, तर ते कानाआड करू नका. मी ते वहीत उतरवलं आणि वही कपाटात ठेवली.

गुरुवारी दुपारी दोनच्या फेरीला बाबा डोळे मिटून पडले होते. "बरं आहे ना बाबा?" म्हटलं तर म्हणाले, "बरं हाय गं बाय." इतकं गोड! पावले महाराज, असं म्हणत मी खुशीत तक्त्यावर अठरा लिहिलं आणि पुढे गेले. त्या दिवशी त्यांच्या घरचं कुणी आलं नव्हतं. चारच्या सुमाराला खालांनी डबा उघडला, बोंबलांचा वास वॉर्डभर झाला, तरी चार नंबरवर काही हालचाल नाही. खाला डबा तसाच टाकून माझ्याकडे आल्या. "सिस्टर, बाबा आज भांडत नायत गं. काय तरी झालंय त्यांना."

राहू दे की जरा शांतता, असं मी म्हणणार होते. शब्द ओठांवर आला आणि सकाळचा देव्हारा आठवला. ही शांतता मीच मागून घेतली होती. मी खाटेपाशी गेले, बाबांच्या छातीवर हात ठेवला आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागले. दर श्वासाला मनात 'दत्त' म्हणत होते. इतक्या वर्षांच्या जपात कधी झालं नाही ते त्या मिनिटात झालं, नाम घेता घेता मलाच धाप लागली. श्वास चौतीस भरले. नाडी एकशे वीसच्या पुढे. बीपी थोडंसंच उतरलेलं.

डॉक्टर ओपीडीत होते. आठवड्यापूर्वीच मी त्यांना असंच धावत बोलावलं होतं, पेशंटच्या पोटात निघाला नुसता गॅस, आणि त्यांनी चार लोकांत माझी हजेरी घेतली होती. तरी फोन उचलला. शिकवलं होतं तसे आधी आकडे सांगितले, बाबा सुस्त झालेत तेही कळवलं, मग म्हटलं, "तुम्ही आत्ता या. आणि दोन वाजताचे अठरा श्वास मी मोजलेले नाहीत, नुसते लिहिलेत." डॉक्टर म्हणाले, "आलोच."

जखमेतलं विष रक्तात पसरत होतं. ऑक्सिजन, सलाईन, नवी इंजेक्शनं, आणि सहाच्या आत बाबा अँब्युलन्समधून पनवेलच्या मोठ्या दवाखान्याकडे. आणखी दोन-तीन तास गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तक्त्यावरच्या त्या अठरावर रेघ मारली, 'मोजले नाहीत' असं शेजारी लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी येऊन बघते तर खालांचा भाऊ बरा होऊन घरी गेलेला. खालांचं खरं नावसुद्धा मला ठाऊक नाही. मी मागितलं होतं भलतंच. महाराजांनी ते बाजूला ठेवलं आणि मला ज्याची खरी गरज होती ते खालांच्या हातून पाठवलं, एवढंच मी मानते. बाबा तीन आठवड्यांनी ड्रेसिंगला आले, काठी टेकत आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरत. माझ्या कानांना इतकं गोड वाटलं की मी त्यांना चहा पाजला.

आता आमच्या दवाखान्यात नव्या मुलींना हे मीच शिकवते. शरण जायचं म्हणजे देवापुढे डोळे मिटून बसायचं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आधी आपला ताठा उतरवून ठेवायचा असतो. परवा पोशीरची एक नवी मुलगी भीत भीत म्हणाली, "ताई, डॉक्टरांना बोलावलं नि कायच निघालं नाय तर? सगळी हसतील ना मला."

"हसू देत गं," मी म्हटलं. "त्या हसणाऱ्यांत तुझा पेशंटही असेल."