अर्ध्या टक्क्याची म्हैस

ऐंशीच्या दशकात आम्ही भंडाऱ्यात घर बांधलं, तेही बँकेच्या कर्जावर. आमचे हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. फॅक्टरीच्या बसमध्ये कोणीतरी यांना सांगितलं, की दुसऱ्या बँकेत व्याज अर्धा टक्का कमी आहे. झालं! कर्ज तिकडे न्यायचा यांनी हट्टच धरला. वकील, स्टॅम्पपेपर, रिक्षाभाडं आणि यांच्या सुट्ट्या, यांतच पावसाळा गेला, हिवाळाही सरत आला.

शेवटी नव्या बँकेचे साहेब खरेदीखत घेऊन घर पाहायला आले. म्हणाले, “कागदात पश्चिमेला शेजाऱ्याचा गोठा लिहिलाय. इथे तर मोकळी जागा आहे. सीमा जुळल्याशिवाय कर्ज होणार नाही. सोमवारी परत येतो.”

शेजाऱ्यांनी गोठा कधीच पाडला होता. मग रविवारी यांनी स्वतःच्या खर्चाने चार बांबू रोवले, वर भाताची तणस टाकली आणि शेजाऱ्यांना त्यांच्या सासुरवाडीहून एक म्हैस आणायला लावली. ती नेमकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बांधली.

मी चिडले. “तुम्ही कर्ज फेडून राहिले का म्हैस पोसून राहिले?”

“एका दिवसाची तं गोष्ट आहे. काहून ओरडून राहिली?”

साहेबांनी म्हशीला पाहिलं, म्हशीने साहेबांना पाहिलं, आणि कर्ज मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांना म्हटलं, “आता न्या तुमची म्हैस.”

“काहून नेऊ, वहिनी? जागा तं माहीच हाये. गोठा आयता भेटला, आन् दूधबी मस्त देऊन राहिली.”

त्यानंतर आम्ही व्याज अर्धा टक्का कमी भरलं, आणि खिडकी पूर्ण बंद ठेवली.