कुलूपबंद गच्चीवरच्या कुरडया

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हासत होतो. जिंदगीभर ट्रक चालवला, मसणवाट्याशेजारी गाडी लावून झोपलो... कोनी उठवलं न्हाई. शिक्षण चौथी. झालं तसं लिहितो, शुद्धलेखन तुमी बघा.

हिंगोलीत आमची तीन मजली बिल्डिंग हाय. वरच्या मजल्यावर मी आन् माझी पोरगी वंदना. ती वकील. फ्लॅटवाल्यांचे, सोसायट्यांचेच खटले घेणार म्हनून अडून बसलेली. लोक चिडवायचे, "वकीलसाहेब, हिंगोलीत फ्लॅट किती आन् भांडनं किती?" तिची माय तेवढी म्हनायची, "फ्लॅट वाढले की भांडनंबी वाढतील. तू दम धर."

ती माय मागच्या पावसाळ्यात गेली. घर खायला उठलं.

तवाच बिल्डरनं गच्चीला आपलं कुलूप ठोकलं. म्हने गच्ची माझी, रहिवाशांनी कधी वापरलीच न्हाई. वर खोल्या काढून विकायच्या होत्या. शेजाऱ्यांनी वंदीलाच वकील केलं. एक दिवस जेवताना ती म्हनली, "बाबा, ही केस हरले तर ऑफिस बंद. पुण्याला कोनाच्या तरी हाताखाली काम करीन."

"आन् मी काय करू इथं? भिंतीसंग बोलू?"

तिनं माझ्या ताटात आनखी एक भाकर वाढली.

उन्हाळ्यात कोर्टानं गच्ची बघायला कमिशनर साहेब पाठवले. भर दुपार. बिल्डरचा मुनीम चावी घेऊन आला. कुलूप असं गंजलेलं, मी तेल सोडलं तवा कुठं फिरलं. वर जायला दुसरा रस्ता न्हाई.

दार ढकललं... आन् समोर धोतरावर कुरडया. वल्या! तळहाताएवढ्या, मधी बोटाचं भोक ठेवलेल्या. अशा फक्त वंदीची माय घालायची. धोतराच्या तीन कोपऱ्यांवर विटांचे तुकडे, चौथ्यावर आमच्या घरचा लोखंडी बत्ता. त्याच सकाळी मी त्यानं चहाचं अद्रक ठेचलं होतं!

मी वाकून बत्ता हातात घेतला. मुनीम मात्र भडकला. "बघा साहेब! या बाया ऐकतच न्हाईत. दरसाल सारी गच्ची पापड-कुरडयांनी भरून टाकतात, पाय ठेवायला जागा न्हाई!"

वंदी हळूच म्हनली, "दरसाल ना, काका? साहेब, हे तेवढं लिहून घ्या."

मुनीमाचं तोंड बघण्यासारखं झालं.

पुढं निकाल आमच्या बाजूनं लागला. गच्ची साऱ्यांची झाली. आता सेनगावाकडूनबी लोक फ्लॅटचं भांडन घेऊन वंदीकडं येऊन राहिले. पुण्याचं नाव निघत न्हाई.

मी घरोघर विचारलं, कुरडया कोनी घातल्या? शेजारच्या शकुंतलाबाई म्हनल्या, "भाऊ, गहू भिजवले की आंबूस वास साऱ्या जिन्यात सुटतो. तुमाला आला का?"

न्हाई आला. कोनालाच न्हाई.

अक्षयतृतीयेला वंदीच्या मायच्या नावानं पान वाढलं, त्यात गच्चीवरच्या त्याच कुरडया तळल्या. वंदीनं एक मोडून तोंडात टाकली आन् थांबली.

"बाबा... मीठ कमी हाय."

डॉक्टरनं माझं बीपी सांगितल्यापासून तिची माय मीठ तेवढंच टाकायची.

हे कसं झालं, मला आजबी सांगता येत न्हाई. ज्याला येतं त्यानं सांगावं. मी हासणार न्हाई. वंदीला म्हनलो, पुढल्या उन्हाळ्यात गहू आपून भिजवू. चूक झाली तर तुझी माय सांगंलच.