मेटोडचं कुलूप

एमिल हृंडाला आमच्या पोलाद कारखान्याचं मशीनशॉप बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि हे त्याची बायकोच सांगायची. कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली. भट्ट्या भंगारात गेल्या. मोनोंगहेला नदीच्या काठी उरल्या त्या फक्त दुरुस्तीच्या इमारती: लोहारखाना, साचेघर आणि हे मशीनशॉप. त्यांचं आता संग्रहालय झालंय. ऐंशी वर्षांचा एमिल दर शनिवारी तिथे जुना लेथ चालवून दाखवायचा. मी पूर्वी हत्यारांच्या खिडकीवर बसायचो, आता तिकिटांच्या बसतो. बढती म्हणा हवी तर.

पाहुण्यांना तो सगळं सांगायचा, कुलपाची रीत मात्र मला सांगायला लावायचा. दुरुस्तीला यंत्रावर चढण्याआधी प्रत्येकाने मेन स्विचला आपलं कुलूप घालायचं. किल्ली आपल्या खिशात. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. कुणी कुलूप विसरून गेलाच, तर आधी त्याच्या घरी फोन करायचा, मगच ते कापायचं.

गेल्या हिवाळ्यात संग्रहालयाने कामावर मेलेल्यांचा फलक करायला घेतला. मजकूर जुन्या चौकशीच्या कागदांवरून उतरवला. 'मेटोड साबोल, १९७८. कुलूप न लावता क्रेनवर चढला.' उद्घाटनाला मेटोडच्या बायकोलाच, वेरोनाला बोलावलं होतं.

एमिलने ते वाचलं आणि माझ्या खिडकीशी आला. चेहरा पांढराफटक.

"कुलूप होतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

अडतीस वर्षांत या विषयावर आम्ही एवढंच बोललो.

मेटोड मेला तो दिवस हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला. आमच्याकडे त्या दिवशी शाळासुद्धा बंद असतात, कारखान्याची अर्धी पाळी डोंगरात. मेटोड आठवडाभर बंदुकीच्या गप्पा मारत होता, दुपारी निघणार म्हणाला होता. दुपारीच पत्रे लाटणाऱ्या यंत्राचा रोल मोडला. तो उचलायला छताखालची क्रेन हवी, फोरमन बोंबलतोय, आणि क्रेनच्या स्विचला मेटोडचं कुलूप. "गेला बेटा कुलूप विसरून!" म्हणत एमिलने वर एक हाक मारली. घणांच्या आवाजात ती कोणाला ऐकू जाणार? फोन त्याने केला नाही. कटर माझ्याकडून नेला. कशाला, ते मी विचारलं नाही. एमिलने कुलूप कापून क्रेन सुरू केली, आणि मेटोड वरच होता. निघण्याआधी एक बेअरिंग बदलून टाकू, म्हणून थांबलेला.

कुलूप एमिलने नदीत फेकलं. चौकशीत तो गप्प, मीही गप्प. मला त्याचा राग यायचा, स्वतःचा त्याहून जास्त.

"ऐंशीचा झालास, आता कशाला उकरतोस?" मी म्हणालो. खरं सांगायचं तर माझीच फाटली होती.

"वेरोनाकडे तू येतोस की मी एकटा जाऊ?"

गेलो. वेरोना हालुश्कीसाठी कोबी परतत होती. "अरे वा, दोन म्हातारे एकदम! बसा, जेवूनच जा," म्हणत तिने नूडल्स वाढवल्या. एमिल बसला नाही. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कटरचं मी सांगितलं. कोबी करपला तेव्हा कुठे तिने गॅस बंद केला.

"आम्हाला माफ कर, वेरोना."

ती खुर्चीत बसली.

"दर रविवारी त्याच्या थडग्याशी जाते," ती म्हणाली. "काय बोलते, माहितीय? मूर्खा, एक कुलूप घालायला काय धाड भरली होती तुला? दोन पोरी माझ्या गळ्यात टाकून गेलास! अडतीस वर्षं रे. फुलं ठेवते आणि भांडून येते. पोरींनाही तेच शिकवलं, बापासारखा निष्काळजीपणा करू नका म्हणून."

"फलक बदलायला लावतो," एमिल रडत म्हणाला. "माझं नाव घालतो."

"घाल. घालच. पण मी त्याची माफी मागू कशी, ते सांग."



वेरोनाने उठून कोट अंगात घातला. रविवार नव्हता. मी गाडी काढतो म्हणालो, तर तिने आम्हा दोघांनाही सोबत येऊ दिलं नाही.