बाईची माफी

बाळांनो, लस टोचताना रडलात असं पत्रात वाचलं, म्हणून पनवेलच्या गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांविषयी लिहिते. ते प्रत्येक कोंबडीला 'बाई' म्हणत आणि टोचण्याआधी तिची माफी मागत.

कोंबड्यांत साथ आली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "भाऊ, तुमच्या सुईनंच मरतील. आमी नाय टोचून घेणार."

त्यांनी आमच्या परसात स्वतःच्या दोन कोंबड्या आणल्या. एकीला पंधरवड्यापूर्वी लस दिलेली, दुसरीला नाही. शेजारणीच्या साथीत मेलेल्या कोंबडीचं रक्त त्यांनी दोघींना टोचलं. दुसरीची माफी मात्र दोनदा मागितली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरी मेली. मी हादरले; ती मरणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणूनच ती दुसरी माफी.

शेजारीण टोपलीभर कोंबड्या टोचायला घेऊन आली.

जगलेली कोंबडी त्यांनी मला दिली. तिची पिल्लावळ अजून परसात आहे.