गस्तीवरचा नायटा

आमच्या पलटणीचं पोस्टिंग ईशान्येच्या जंगलात होतं. मी हवालदार होतो. माझ्या सेक्शनमध्ये सोलापूर जिल्ह्याचे दोघे होते: मंद्रूपचा लान्स नायक धनाजी आणि सोलापूर शहरातला सिपाही सचिन. चकमकीची गोष्ट सांगा, असं लोक मला म्हणतात. मी नायट्यापासून सुरुवात करतो. त्यांची तोंडं वाकडी होतात. होऊ देत.

त्या भागात पाऊस थांबत नाही. धुतलेले कपडे वाळत नाहीत, बूट ओलेच घालावे लागतात. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज बसणं, मग हत्यारांची सफाई, मग गस्त, असं रुटीन. आमचे डॉक्टर कॅप्टन साहेब दर आठवड्याला सगळ्यांना उभं करून सांगत. नायटा म्हणजे बुरशी. घाम, ओल आणि घट्ट कपडा मिळाला की ती वाढते. अंघोळीनंतर जांघ कोरडी करा. दुसऱ्याचा टॉवेल वापरू नका. गोल चट्टा दिसला की त्याच दिवशी माझ्याकडे या, लाजू नका.

लाजू नका म्हटलं की माणूस जास्तच लाजतो. धनाजीकडे घरून आलेला जाड सोलापुरी टॉवेल होता. बराकीत त्याचा काय तोरा! ज्याला त्याला तो हवा असायचा, आणि हा दिलदारपणे द्यायचा. त्या पावसात तो टॉवेल कधी पुरता वाळलाच नाही.

धनाजीच्या जांघेत नायटा उठला. नायक होण्यासाठीचं कॅडर, म्हणजे बढतीचं ट्रेनिंग, तोंडावर आलं होतं. आजारी म्हणून नाव गेलं तर ते हुकेल, ही त्याला भीती. त्याने डॉक्टरांऐवजी भावाला फोन केला. भावाने गावाकडच्या एका मेडिकलमधून ट्यूब घेतली आणि पार्सल केली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, काही विचारलंही नाही. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. खाज लगेच गेली, धनाजी खूश. लावणं सोडलं की दुप्पट उठायचं, मग पुन्हा ट्यूब. स्टिरॉइडने खाज दबते, कातडी पातळ होते आणि आत बुरशी मोकाट पसरते. आम्हाला हे कळलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गस्तीला निघताना मला त्याची चाल फाकलेली दिसली.

"धनाजी, असा का चालतोस?"

"काय न्हाय उस्ताद. चड्डी घासतीया जरा."

"फिट आहेस ना?"

"व्हय की. एकदम फिट."

सुभेदार साहेब पुढे, सचिन आणि धनाजी मध्ये, मी रेडिओसोबत मागे. परतीच्या वाटेवर एक उघडा नाला होता, दोन्ही काठांना दाट झाडी. तिथे थांबायचं नाही, धावत ओलांडायचं, हे प्रत्येकाला पाठ होतं. धनाजी निम्म्यात खाली बसला. मांड्या सोलून पँटला रक्त आलं होतं. सचिन तोवर पलीकडे पोचला होता. तो परत फिरला.

"ऊठ की! खांद्यावर हात टाक."

"न्हाय जमत. तू जा."

"गप. ऊठ."

त्याने धनाजीला उभं केलं आणि झाडीतून फायर आला. पहिलाच बर्स्ट सचिनला लागला. आम्ही जवाबी फायर दिला. सुभेदार साहेबांनी दोघांना आडोशाला ओढलं. मी हँडसेट घेतला.

"टायगर फॉर अल्फा. कॉन्टॅक्ट. वन कॅजुअल्टी. ओव्हर."

"अल्फा, कंडिशन बताओ. ओव्हर."

"सीरियस. ओव्हर."

सचिन तेव्हा गेलेला होता. मला दिसत होतं. तोंडातून तो शब्द निघेना.

त्या फायरमध्ये धनाजीला खरचटलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी त्याची ट्यूब फेकली, बुरशीवरच्या गोळ्या आणि मलम दिलं. चट्टा दिसेनासा झाला तरी पुढे काही आठवडे मलम, तेही चट्ट्याच्या कडेबाहेरपर्यंत. कपडे गरम पाण्यात, वेगळे. टॉवेल वापरणाऱ्या सगळ्यांची तपासणी झाली, आणखी तिघांना नायटा निघाला. सगळे बरे झाले. इतकं सोपं होतं, याचाच मला आजही संताप येतो. धनाजी आता पेन्शन घेतो. सोलापूरच्या बाजारात मला पाहिलं की दुसरीकडे वळतो. वळू दे.

मी टेंभुर्णीजवळच्या एका भरती अकादमीत शिकवतो. पोरं एकमेकांच्या ट्रॅकपँट घालतात, घामेजल्या कपड्यांत तशीच झोपतात आणि जांघा खाजवत रांगेत उभी राहतात. त्यांच्या पेट्यांत तसल्याच ट्यूबा सापडतात. मी त्या काढून घेतो, पोरांना त्वचेच्या डॉक्टरकडे धाडतो. पुढच्या बॅचला पुन्हा तेच.

सचिनच्या आईकडे मी दरवर्षी जातो. एकदा तिने विचारलं, "साहेब, माजं पोरगं पलीकडं पोचलं हुतं म्हणता. मग माघारी कशाला फिरलं?"

"धनाजीला चालता येत नव्हतं, आई."

"गोळी लागली हुती त्याला?"

"नाही. नायटा झाला होता. मांड्या सोलल्या होत्या."

तिने उठून दार लोटलं.

"हे गल्लीत कुनाला सांगू नगा. चौकात फोटू लावलाय त्याचा. लोक हसतील."

मी शब्द दिला. म्हणून इथे त्याचं नाव बदललं आहे. बाकी सगळं घडलं तसंच आहे. तो पलीकडे पोचला होता, आणि परत फिरला होता.